एवगेनचे कच्चे थेंब

माझ्या एवगेनला नाही म्हणता येत नाही. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण हा एक शब्द अजून त्याच्या तोंडातून निघत नाही. मी काही सांगितलं की 'हो आई'. बायकोनं त्याच्या बरोबर उलटं सांगितलं की 'हो त्याशा'. पाद्री आला, बियांचा व्यापारी आला, रस्ता चुकून कुणी दारात उभा राहिला, सगळ्यांना हो. गाव म्हणतं, गिझेलाचा मुलगा काय गुणी! गुणी कसला डोंबलाचा. घरात आवाज चढलेला त्याला सोसत नाही, म्हणून सगळ्यांना हो म्हणतो आणि मग कुणाचं लक्ष नसताना असं काहीतरी करून ठेवतो की सगळ्यांचीच तोंडं गप्प व्हावीत. लहानपणी मांजराची पिल्लं बाहेर टाक म्हटलं तर 'हो' म्हणाला आणि बापाच्या बुटांच्या कपाटात ठेवली. तेव्हा हसलो आम्ही. हसायला नको होतं.

गावात आता या प्रकरणाच्या नाना गोष्टी फिरताहेत, आणि प्रत्येकीत मी वेगळीच काहीतरी बोललेली आहे. म्हणून मी स्वतःच लिहितेय. माझं शिक्षण फारसं नाही. शाळेपेक्षा बटाट्याच्या वावरात जास्त गेले. पण जे घडलं ते माझ्या स्वयंपाकघरात घडलं, तेव्हा ते सांगायचा हक्कही माझाच.

आमचा तेलाचा घाणा आहे. भोपळ्याच्या बियांचं तेल काढतो, सासऱ्यांच्या वेळेपासून. बिया दळायच्या, मीठ-पाणी घालून कणकेसारख्या मळायच्या, रुंद लोखंडी कढईत लाकडाच्या आचेवर परतत भाजायच्या आणि मग दाबायच्या. सगळं कसब भाजण्यात. कढईतून ओला, हिरवा वास येतो तोवर थांबायचं, तो जाऊन पावाच्या करपट कडेसारखा वास सुटला की झटक्यात उतरवायचं. क्षणभर उशीर झाला की तेल कडू. नवरा गेल्यापासून कढईजवळ मी उभी राहत होते, गुडघे गेल्यावर एवगेन उभा राहायला लागला. भाजायला मीच शिकवलं त्याला, आणि चांगलं शिकवलं.

सून त्याशा मारिबोर शहरातली. औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी करून आलेली, अंगानं काडी आणि बोलायला कात्री. तिनं उतारावरच्या वावरात भांग लावायची म्हटली. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या आईच्या चादरी भांगेच्या सुताच्या होत्या, दोरखंड भांगेचे होते, आमच्या इकडं ते झाड काही चोरून लावायचं नव्हतं. मी दचकले ते पुढचं ऐकून.

"आई, हे भाजायचं नाही," ती म्हणाली. "बिया आणि फुलं एकत्र दळायची आणि तशीच गार दाबायची."

"न भाजता? मग त्याला तेल म्हणायचं की गवताचा रस?"

"रसच म्हणा. कच्च्या रोपात काही आम्लं असतात. तीच लोकांना हवी आहेत. थेंब थेंब घ्यायची, रोजच्या खाण्याला पूरक म्हणून. आच लागली की ती मोडतात."

"मोडेनात का."

"मोडून दुसरंच काही होतं, आई. कच्चं आहे तोवर ते डोक्यात चढत नाही. तापवलं की त्यातला एक भाग चढणारा होतो. आपल्या जातीच्या भांगेत तो थोडाच असतो, पण आपण एवढी फुलं एका बाटलीत कोंबतो, तेव्हा तो तितका थोडा राहत नाही."

"आणि या तुझ्या आम्लांनी होतं काय?"

"सूज, दुखणं, मळमळ यांवर उपयोग होऊ शकतो, असं उंदरांवर दिसलंय. माणसांवर अजून नीट तपासलेलं नाही. बाटलीवर मी तसा काही दावा करणार नाही. फक्त 'कच्चं, न तापवलेलं' एवढंच लिहिणार."

"म्हणजे आपण उंदरांचं औषध काढणार."

एवगेन दोघींकडं आळीपाळीनं बघत सूप पीत होता.

पहिलं तेल निघालं तेव्हा मी चमच्यानं चाखलं आणि बेसिनमध्ये थुंकले. "हे गाईनं एकदा चघळून खाली टाकलंय," मी म्हणाले. "असल्या बाटलीवर आपल्या, रितुपेरांच्या घाण्याचं नाव लावायचं असेल तर आधी मला पुरा."

"हो आई," एवगेन म्हणाला. "हो त्याशा." आणि उठून गेला.

त्याशा बधली नाही. पहिल्या बाटल्या तिनं मारिबोरच्या लॅबमध्ये तपासून आणल्या, त्यात चढणारं काही निघालं नाही, आणि मग ती विकायला लागली. खप बेताचाच. चव गवताची, एकदा नेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नसे. नेमानं घेणारा एकच, माझा धाकटा भाऊ कोलोमान.

कोलोमान शाळेची बस चालवतो. आसपासच्या सगळ्या वाड्यांवरची पोरं गोळा करून आणतो. आज जी पोरं बसमध्ये चढतात त्यांचे आईबापही त्यानंच शाळेत पोचवलेत. पाद्र्यानंतर गावात कुणाचा शब्द मानत असतील तर त्याचा. बस चालवायची असली की आदल्या संध्याकाळपासून वाइन-सोड्याचा ग्लासही तो हातात धरत नाही. चर्चच्या गायकमंडळात खालच्या पट्टीत गातो आणि तिथंही घड्याळ बघून येतो. लग्न केलं नाही. बस, पोरं, गाणं, एवढाच त्याचा संसार. आणि निवृत्तीला थोडंच राहिलं होतं.

त्याची बोटं सकाळी आखडायची. स्टिअरिंग धरताना तोंड वाकडं व्हायचं. त्याशानं त्याला बाटली दिली आणि बजावलं, "मामा, डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. हे वरून. फरक पडेल न पडेल."

"चढत तर नाही ना गं? मी पोरं नेतो."

"कच्चं आहे, मामा. कच्चं चढत नाही."

तो म्हणायचा, बोटं जरा सुटल्यासारखी वाटतात. खरंच सुटली की भाचसुनेला बरं वाटावं म्हणून म्हणायचा, देव जाणे.

यंदा भोपळे उचलून झाले आणि त्याशाच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. ती माहेरी गेली. भांगेची फुलं वाळून तयार होती, तेव्हा या वर्षीचं तेल एवगेननं एकट्यानं काढलं. रविवारी जेवताना त्यानं ती बाटली माझ्यापुढं ठेवली. आमच्याकडं काळंहिरवं तेल टेबलावर आलं की ते कांदा घातलेल्या उकडलेल्या घेवड्यावर जातं, मोजून कुणी घालत नाही. मीही ओतलं. पहिला घास घेतला आणि मान वर केली.

"आता कुठं हे तेल झालं!" मी म्हणाले. "काय केलंस रे?"

"यंदा बी चांगलं आहे, आई," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मी दोनदा वाढून घेतलं. दुपारी खुर्चीतच झोपले, पायात बूट तसेच. उठले तेव्हा अंधारून आलं होतं, भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडं बघून हसतंय असं वाटत होतं, आणि भूक अशी की खसखशीचा अख्खा रोल उभ्यानं संपवला. वय झालं, असं मनाशी म्हटलं.

त्याच सुमाराला कोलोमानही खुशीत दिसायला लागला. झोप छान लागते म्हणे. भूक लागते. चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला तो गाता गाता मधेच फिसकन हसला. सगळं चर्च वळून बघायला लागलं. बाहेर आल्यावर मी त्याला झापलं. म्हणाला, "गिझा, पाद्र्याच्या टोपीवर माशी बसली होती गं," आणि पुन्हा हसायला लागला. मला मेलीला तेव्हा तरी कळायला हवं होतं. पण थेंबांनी बोटं सुटली आणि जीव हलका झाला असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तर चार बायकांना सांगितलं, आमच्या घाण्याचं घ्या, कोलोमान बघा कसा झालाय. आणि त्यांनी नेलं. दुसऱ्यांदाही नेलं.

मग तो सोमवार. मी पेंड पोत्यात भरत होते. शेजारची विल्मा फाटक न लावताच आत आली. ही बाई फाटक लावल्याशिवाय कधी येत नाही. डोक्याचा रुमाल मागं घसरलेला.

"गिझा, खाली बस."

"उभ्यानं ऐकते मी. बोल."

"तुझ्या भावाला पोलिसांनी पकडलं. पुलाजवळ. नशेत."

मी हसले. खरंच हसले. "कोणता भाऊ? मला एकच आहे."

"तोच. तोंडात काडी घालून तपासलं त्याला. दारू नाही गं. दुसरं. गांजाचं."

"तुझी जीभ झडो, विल्मा!"

"झडू दे. पण बसमध्ये पोरं होती, गिझा. माझा नातू होता. पोलिसांनी त्याला उतरवलं तर सगळी खिडकीला नाकं लावून बघत बसली. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत तुझा भाऊ रस्त्याच्या कडेला उभा होता, हातात टोपी घेऊन."

पोतं माझ्या हातातून सुटलं आणि पेंड अंगणभर झाली. कोंबड्या धावत आल्या. त्यांना हाकलायचं असतं हेही मला सुचेना. कोलोमान आणि गांजा! मला कुणी सांगितलं असतं की चर्चचा मनोरा रात्रीत चालत नदीवर पाणी प्यायला गेला, तर त्यावर मी आधी विश्वास ठेवला असता.

दुपारी तो स्वतः आला. स्वयंपाकघरात खुर्चीच्या अगदी कडेला बसला, परक्याच्या घरी बसल्यासारखा. टोपी गुडघ्यावर. खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"मी त्यांना ही दाखवली, गिझा. म्हटलं, मी एवढंच घेतो, हे कच्चं आहे, चढत नाही, वाचा. तो पोलीस पोरगा माझ्याच बसनं शाळेत जायचा. तो म्हणाला, मामा, सगळे असंच काहीतरी सांगतात. मग रक्त काढलं. लायसन ठेवून घेतलं. परवा बसच्या कंपनीत बोलावलंय. काढूनच टाकणार. त्यांचं तरी काय चुकलं? पोरं होती माझ्यामागं." त्यानं बोटं एकमेकांत घातली आणि सोडवली. "मी गाडी सरळ चालवत होतो गं. मला तरी सरळच वाटत होती. आता तेच कळत नाही, खरंच सरळ होती का."

मी त्याशाला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. तुझ्या भांगेनं माझ्या भावाला रस्त्यावर उभं केलं, म्हणाले. तुझ्या आम्लांना आग लागो, म्हणाले. मग ती एवढंच म्हणाली, "मी निघते. बाटलीला हात लावू नका." संध्याकाळ व्हायच्या आत दारात हजर. अंगातला कोटही न काढता तिनं टेबलावरची बाटली उघडली, नाकाशी नेली. मग ती माझ्यापुढं सरकवली.

"माझं काही ऐकू नका, आई," ती म्हणाली. "तुम्हीच वास घ्या."

मी घेतला.

पावाची करपट कड. भाजलेल्या अक्रोडाचा वास. हिरवा वास नावालाही नाही. कढई नेमक्या क्षणी उतरवली होती, आधी नाही आणि नंतर नाही. ते माझंच भाजणं होतं. माझ्या हातचं, मी शिकवलेलं. त्या रविवारी घेवड्यावर ओतून 'आता कुठं तेल झालं' म्हणून मी त्याचंच कौतुक केलं होतं. खुर्ची कुठं आहे ते न बघता मी बसले, आणि खुर्ची होती हे नशीब.

एवगेन दारात उभा होता. कधीपासून ते माहीत नाही.

"भाजलंस?" मी विचारलं.

"हो आई."

"फुलांसकट?"

"हो."

"वेडा आहेस का तू?" त्याशा ओरडली. इतक्या वर्षांत तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. "मी तुला किती वेळा सांगितलं! आच लागली की ते चढणारं होतं! तू हो म्हणालास! माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणालास!"

"आईला ते कच्चं आवडत नव्हतं," तो म्हणाला. "लोकांनाही आवडत नव्हतं. कुणी परत येत नव्हतं. मला वाटलं, जरा आच दाखवली तर काय बिघडतंय. आणि सगळे खूश झाले, त्याशा. आई खूश झाली. लोक दुसरी बाटली मागायला लागले."

"मागणारच! मागणार नाहीत तर काय!"

"आणि बाटलीवर?" मी विचारलं.

"लेबलं तर आधीच छापून ठेवलेली होती."

असं म्हणाला. जणू लेबलांचाच काही दोष असावा.

त्याशानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं, आणि मी नजर खाली घातली नाही. मी चव नाकारली होती, आणि आजही नाकारते. भाजलेल्यावर कच्चं लिही, असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

"अजून कुणाकुणाला दिलंस?" त्याशानं विचारलं. तो नावं घ्यायला लागला आणि मी एकेका नावानं गार पडत गेले. त्यातली निम्मी मीच पाठवली होती. विल्माच्या आईचं नाव आलं. नव्वदीची बाई, परवाच पायऱ्यांवर तोल जाऊन पडली, गुडघा फुटबॉलएवढा सुजलाय. सगळे म्हणाले, वय. मीही तेच म्हणाले होते, तिच्या उशाशी बसून. आणि विल्मानं तिला सूज उतरावी म्हणून थेंब वाढवले होते.

"थांबवायला हवं," त्याशा म्हणाली. "आत्ता. सगळ्यांना फोन करायला हवेत. आणि मामांसाठी कंपनीत जाऊन सांगायला हवं. पोलिसांनाही."

तेव्हा एवगेन आत आला, खुर्ची ओढून बसला आणि हळू, समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. बियांच्या व्यापाऱ्याशी बोलतो तसा.

"जरा शांत बसून विचार करू या ना. पोलिसांना सांगितलं की तपासणीवाले येणार. घाण्याला कुलूप. भोपळ्याच्या तेलालाही मग कोण हात लावणार? बाटल्या आपण गोळा करू, चव बिघडली म्हणून सांगू. आणि मामा, तुमचं तसंही थोडंच राहिलं होतं. तुम्ही इथं या घाण्यावर. काही कमी पडू देणार नाही. कंपनीत एवढंच सांगा की एका लग्नात कुणीतरी केक दिला, त्यात काय होतं ते माहीत नव्हतं."

मला वाटलं, कोलोमान आता उठून त्याच्या थोबाडीत मारेल. मी वाट बघत होते. त्यानं मारली असती तर मी हात धरला नसता.

कोलोमाननं टोपी गुडघ्यावर सरळ केली.

"बरं," तो म्हणाला. "तसं सांगतो. घाणा तुझा आहे, गिझा. दाजींनी त्यात जन्म घालवला. माझ्यामुळं नको बंद पडायला. पोरं काय, विसरतील."

सकाळपासून मला धक्क्यावर धक्के बसत होते, पण आतून तुटलं ते इथं. माझा भाऊ, आयुष्यात एक खोटं न बोललेला माणूस, माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःला नशेबाज म्हणवून घ्यायला तयार झाला होता. आणि माझा मुलगा सुटकेचा श्वास सोडत होता. मी ऐकला तो श्वास. त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला, लहानपणी बुटांचं कपाट उघडलं होतं तेव्हा हसला होता अगदी तसा, आणि म्हणाला, "बघ आई, मामा पण हो म्हणतात."

मी उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण मी टेबलाला धरलं नाही. गावात माझ्या तोंडी जे काही घालत असतील ते घालोत. मी त्याला म्हणाले ते हे :

"एवगेन, उठ आणि कोट घाल. आत्ता विल्माच्या घरी जायचं आणि तिच्या आईच्या उशाची बाटली उचलून आणायची, काय दिलं होतं ते त्या म्हातारीच्या तोंडावर सांगून. मग एकेका घरी. चव बिघडली म्हणायचं नाही. भाजलं आणि खोटं लिहिलं, असं म्हणायचं. ज्या घरी मी पाठवलं त्या घरी मी तुझ्याबरोबर येईन, पण तोंड तू उघडायचंस. उद्या त्याशा तुला पोलिसांकडं नेईल. परवा कंपनीत कोलोमानच्या आधी तू आत जायचंस, आणि बाटलीत काय आहे हे त्याला माहीत नसताना त्याला नशेत बसवर चढवणारा मी, असं सांगायचंस. घाण्याला कुलूप लागायचं असेल तर लागू दे, किल्ली मी स्वतः काढून देईन. आणि घाणा सुटला एखादे वेळी, तरी तू कढईजवळ उभा राहणार नाहीस. त्याशा उभी राहील. तिला भाजता येत नाही, मी शिकवीन. तू माझा मुलगा आहेस, ताटात जेवण वाढीन तुला. पण तुझ्या हातचं तेल मी यापुढं खाणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला खाऊ देणार नाही. निघ."